फोटोत दिसतं ते तिथे का दिसत नाही?

मे महिना संपत आला की भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी या बाजूला काजवे बघायला गर्दी लोटते. निघण्याआधी सगळ्यांनी तो फोटो पाहिलेला असतो: बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळसर-हिरव्या ठिपक्यांनी खच्चून भरलेलं जंगल. प्रत्यक्षात झाडं लुकलुकतात, विझतात, पुन्हा लुकलुकतात, पण फोटोतला झगमगाट काही दिसत नाही. मग 'यंदा काजवे कमी आहेत' नाहीतर 'फोटो एडिट केलेला असणार' असं बोलणं सुरू होतं.

तो फोटो खरा असतो, फक्त तो एका क्षणाचा नसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवतात आणि शटर एकेका वेळी पंधरा ते तीस सेकंद उघडं ठेवतात. असे फोटो एकामागून एक, अर्धा-पाऊण तास घेत राहतात. कॅमेरा जराही हलवायचा नाही. घरी आल्यावर हे सगळे फोटो संगणकात एकावर एक ठेवतात आणि प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ ठिपका तेवढा राखतात. याला स्टॅकिंग म्हणतात. हाती जे चित्र येतं त्यात अर्ध्या तासात जिथे जिथे काजवा चमकला ती प्रत्येक जागा एकदम उजळलेली असते. एकच काजवा उडता उडता दहा वेळा चमकला, तर फोटोत दहा ठिपके. म्हणजे आपण फोटोत मोजतो ते काजवे नव्हेत, काजव्यांच्या चमका.

या बेरजेत एक गोष्ट मात्र कायमची हरवते, ती म्हणजे लय. नर चमकून इशारा देतात, मादी चमकून उत्तर देते, आणि काही झाडांवर तर हजारो काजवे एका तालात उजळतात आणि एका तालात विझतात. सादड्याचं अख्खं झाड श्वास घेतल्यासारखं दिसतं. हे कुठल्याच स्थिर चित्रात मावत नाही, आणि माझ्या मते तिथे जाऊन बघायचं असेल तर तेच बघायला जावं. त्यासाठी अंधार लागतो. टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश आणि गाडीचे दिवे पडले की इशारे-उत्तरं विस्कटतात. आणि पंख फुटलेल्या काजव्याच्या हातात जोडीदार शोधायला जेमतेम काही आठवडे असतात.

स्टॅकिंगला फसवणूक म्हणायचं का? मी म्हणणार नाही, मात्र फोटोखाली तसं लिहिलेलं हवं. फसवणूक वेगळी असते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातला एक फोटो आपल्या गटात पहिला आला होता. रात्र, वाळवीचं उंच वारूळ, त्यावर चमकणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांचे हिरवे ठिपके आणि वारुळाकडे निघालेला एक मुंगीखाऊ. २०१८ मध्ये म्युझियमने तो बाद केला. केसांचे झुपके, अंगावरचे पट्टे, उभं राहण्याची ढब हे सगळं उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी जुळतं, असं तज्ज्ञांना आढळलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण पुरस्कार गेला. त्या फोटोतला वारुळाचा उजेड, जो सगळ्यात अविश्वसनीय वाटतो, तो मात्र निसर्गात खरोखर असतो.

डोळा आणि कॅमेरा

हाच घोळ मोठ्या प्रमाणावर होतो तो नॉर्दर्न लाइट्सच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या अरोरा या प्रकाशाच्या बाबतीत. हल्ली मुंबई-पुण्याहून खूप जण नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला, फिनलंडला, आइसलँडला अरोरा बघायला जातात. बऱ्याच जणांची पहिली प्रतिक्रिया गोंधळाची असते. आकाशात राखाडी-पांढुरका पट्टा दिसतो, पातळ ढगासारखा. कोणीतरी मोबाइल वर धरतं आणि स्क्रीनवर तोच पट्टा हिरवागार उमटतो. मग खरा कुठला?

हिरवा रंग आकाशात असतोच. सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ होते आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांजवळच्या वातावरणात घुसतात. ते ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात. अणूला मिळालेली जादा ऊर्जा तो प्रकाशाच्या रूपाने परत टाकतो. जमिनीपासून साधारण १०० ते १५० किलोमीटरवर हा प्रकाश हिरवा असतो, तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर. त्याहून वर, २०० किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. एकाच वायूचे दोन रंग का? हिरवा प्रकाश सोडायला अणूला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तर लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. खाली हवा दाट आहे. दोन मिनिटं थांबेपर्यंत अणू दुसऱ्या कुणावर तरी आपटतो आणि ऊर्जा तिथेच गमावतो. वर हवा इतकी विरळ की त्याला धक्का मारायला कुणी नसतं, म्हणून लाल रंग फक्त उंचावर. अरोरा आकाशात पडद्यासारखा लटकलेला दिसतो; त्या पडद्याच्या खालच्या काठाला कधी जांभळी-गुलाबी किनार दिसते, ती नायट्रोजनची.

आता डोळ्याचं बघू. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशींना रंग कळतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. चांदण्यात लाल लुगडं काळपट दिसतं ते यामुळेच. मंद अरोरा बघताना काम दंडपेशींवर येतं, म्हणून राखाडी. अरोरा जोरात असला की शंकूपेशीही जाग्या होतात आणि हिरवा स्वच्छ दिसतो, गुलाबीही दिसतो. गडद लालच्या बाबतीत आपण सगळ्यात कच्चे. दंडपेशींना तो जवळपास दिसतच नाही. शिवाय अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा बघितलं की त्यावर पाणी पडतं. अरोरा बघायचा असेल तर मोबाइल खिशात ठेवून अर्धा तास अंधारात उभं राहा, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

डोळ्याची आणखी एक मर्यादा म्हणजे त्याला उजेड साठवता येत नाही. आलेला प्रकाश तो सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागापुरता एकत्र करतो आणि पुढचं चित्र घेतो. कॅमेरा साठवतो. नळाला करंगळीएवढी धार असली तरी खाली बादली ठेवून वाट बघितली की ती भरते, तसं शटर दहा सेकंद उघडं ठेवलं की मंद प्रकाशही साचत जातो. मोबाइलचा नाइट मोड थोडं वेगळं करतो. हातात धरलेला फोन हलणारच, म्हणून तो काही सेकंदांत बरेच छोटे फोटो घेतो, ते एकमेकांशी जुळवतो आणि त्यांची बेरीज करतो. वर रंग थोडे चढवूनही देतो.

मग शटर मिनिटभर उघडं का ठेवत नाहीत? एक तर पृथ्वी फिरते. आकाश तासाला १५ अंशांनी सरकतं आणि ताऱ्यांचे ठिपके ओढल्यासारखे लांबट होतात. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं, येतील तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं. २० मिलिमीटरची लेन्स असेल तर २५ सेकंदांपर्यंत चालतं. दुसरं म्हणजे अरोरा स्वतः हलतो. पडद्याच्या चुण्या झरझर सरकत असताना वीस सेकंद शटर उघडं ठेवलं तर हिरव्या रंगाचा नुसता फराटा उरतो. म्हणून जाणकार अरोरा मंद असताना दहा-पंधरा सेकंद घेतात आणि तो नाचायला लागला की दोन-तीन सेकंदांवर येतात. फोटोत चुण्या रेखीव दिसल्या तर समजावं की त्या रात्री आकाश खरोखरच उजळलं होतं. नुसताच गुळगुळीत हिरवा ढग असेल तर तिथे उभ्या असलेल्या माणसाला बहुधा राखाडी दिसत होतं.

याचं आपल्या देशातलं उदाहरण २०२४ चं आहे. १० आणि ११ मेच्या रात्री मोठं सौर वादळ आलं आणि लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तरेच्या क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. हिरवा नाही, फक्त लाल. कारण तो प्रकाश लडाखच्या डोक्यावर नव्हता, खूप दूर उत्तरेला होता. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड गेला आणि उंचावरचा लाल तेवढा डोकावला. तोही नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण.

काही दृश्यांचं गणित सेकंदांचं नसून तारखांचं असतं. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एल कॅपिटन या कड्यावरून हॉर्सटेल फॉल नावाचा बारीक धबधबा पडतो. फेब्रुवारीच्या मध्यानंतर काही दिवस मावळत्या सूर्याची किरणं अशा कोनातून येतात की बाकीचा कडा सावलीत जातो आणि धबधबा तेवढा शेंदरी पेटतो, तोही काही मिनिटंच. त्यासाठी वर बर्फ वितळून पाणी वाहत असायला हवं आणि पश्चिमेला ढग नकोत. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागराचा आरसाही असाच मुदतीचा. सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचा तो सपाट पांढरा पसारा ३,६५० मीटर उंचीवर आहे. पावसाच्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मार्च, त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि वारा पडलेला असला तरच आकाश खाली उतरतं. जुलैत तिकीट काढलं तर मिठाची षटकोनी नक्षी मिळेल. तीही सुंदरच असते, पण आरसा नाही.

कुठे उभं राहिलात?

'झूम लेन्सने लांबच्या गोष्टी जवळ येतात' असं आपण म्हणतो. दोन गोष्टींमधलं अंतर फोटोत किती दिसणार हे मात्र लेन्स ठरवत नाही, तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ते ठरतं. समजा एक माणूस तुमच्यापासून ५ मीटरवर आणि तेवढ्याच उंचीचा दुसरा १० मीटरवर आहे. दुसरा निम्म्या उंचीचा दिसेल. आता तुम्हीच ९५ मीटर मागे जा. एक १०० मीटरवर, दुसरा १०५ वर. दोघे जवळपास सारखेच दिसतील, खांद्याला खांदा लावून उभे असल्यासारखे. लेन्स फक्त तो तुकडा मोठा करून देते.

दिवे घाटातल्या वारीचे फोटो आठवा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते तेव्हा घाटाची वळणं एकावर एक रचलेली दिसतात, प्रत्येक वळणावर माणसांचा आणि पताकांचा पूर. तो फोटो समोरच्या उतारावरून, लांबून, मोठ्या लेन्सने घेतलेला असतो. रस्त्यावर चालणाऱ्याला दोन दिंड्यांमधली मोकळी जागा दिसते, पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नाही. दोन्ही खरंच आहे. मंदिराच्या शिखरामागे उगवलेला अवाढव्य चंद्रही पुष्कळदा अस्सल असतो. चंद्र आकाशात नेहमी साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, आणि एक किलोमीटरवरून नऊ मीटर उंचीची वस्तूही तेवढीच दिसते. शिखर अठरा मीटरचं असेल तर दोन किलोमीटर लांब जायचं, नकाशावर चंद्रोदयाची दिशा बघायची आणि वाट बघायची. बहुतेक मेहनत त्या जागेच्या शोधात असते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणाऱ्या इंद्रवज्राची तऱ्हा याहून निराळी. १८३५ साली छापलेल्या एका निबंधात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या गोलाकार इंद्रधनुष्याची नोंद केली. पाठीमागे खाली उतरलेला सूर्य, समोर दरीत धुकं, आणि धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगांचं कडं. कड्याचं केंद्र म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्याची सावली. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना आपापल्या डोक्याभोवती आपापलं इंद्रवज्र दिसतं आणि दोघांचे कॅमेरेही दोन वेगळी कडी टिपतात.

जागा निवडली की चौकटीबाहेर काय ठेवायचं तेही आपोआप ठरतं. गिझाचे पिरॅमिड फोटोत निर्जन वाळवंटात उभे असतात, कारण फोटो वाळवंटाच्या बाजूचा असतो. कॅमेरा उलट फिरवला तर इमारतींची दाटी स्फिंक्सच्या अगदी समोरपर्यंत आलेली दिसते. पण नॅशनल जिओग्राफिक मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी आडवा फोटो उभा बसवायला संगणकावर दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा गोष्ट निवडीच्या पलीकडे गेली. त्यावर मोठी टीका झाली आणि असं पुन्हा कधी करणार नाही, अशी ग्वाही मासिकाने पुढे दिली.

समोर माणूस असतो तेव्हा

पिरॅमिडला कुठून बघता याने काही फरक पडत नाही. माणसाला पडतो.

एडवर्ड कर्टिस या अमेरिकी छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हजारो फोटो काढले. १९१० च्या सुमाराच्या एका फोटोत पिगन जमातीतली दोन माणसं आपल्या राहुटीत बसली आहेत. मूळ फोटोत दोघांच्या मधे एक गजराचं घड्याळ होतं. छापताना कर्टिसने ते पुसून टाकलं, कारण त्याला 'लोप पावत चाललेले' लोक दाखवायचे होते आणि घड्याळ बाळगणारा माणूस लोप पावत नसतो, तो आपल्या काळात जगत असतो. ते छोटंसं घड्याळ पुसणं मला पिरॅमिड सरकवण्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं. अख्ख्या समाजाला भूतकाळात ढकलायला एवढंसं पुरतं.

ही ओढ अजून गेलेली नाही. चीनच्या फुजियान प्रांतातल्या शियापूमधला एक फोटो तुम्ही पाहिला असेल: वडाची प्रचंड झाडं, तिरपे पडलेले सूर्यकिरण, त्यातून म्हैस घेऊन चाललेला शेतकरी. किरण असे दांडीसारखे दिसण्यासाठी हवेमध्ये धूर किंवा धुकं लागतं, कारण कणांवर पडून विखुरल्याशिवाय प्रकाशाची वाट बाजूने दिसत नाही. तिथे तो धूर गवत पेटवून करतात, आणि शेतकरी पैसे घेऊन छायाचित्रकारांच्या गटासाठी म्हैस पुन्हा पुन्हा फिरवतो. म्यानमारच्या इन्ले तलावात इन्था समाजाचे कोळी एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्या पायाने वल्हं मारतात. ही पद्धत खरी आहे आणि आजही वापरात आहे. उभं राहिल्याने पाणवनस्पतींतून वाट दिसते. पण उंच शंकूसारखी टोपली एका पायावर उचलून धरलेला, सूर्यास्तासमोरचा कोळी बहुतेक वेळा पर्यटकांसाठी उभा असतो. मासेमारी आता साध्या जाळ्यांनी चालते.

यात तो कोळी किंवा तो शेतकरी चुकतो असं मला अजिबात वाटत नाही. उभं राहणं हेही काम आहे आणि कामाचे पैसे घ्यावेतच. चूक होते ती असा फोटो 'पहाटेचं नित्य जीवन' म्हणून पुढे पाठवणाऱ्याची. 'पैसे देऊन उभं केलेलं दृश्य' एवढं खाली लिहिलं की झालं. म्हैसवाल्याचं कसबही त्यातून कळतं.

आणि जिथे लोकांना फोटो नकोच असतो तिथे? क्योटोच्या गिओन भागात गेइको (तिथल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइशा) यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पर्यटकांचा इतका त्रास झाला की २०२४ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्यांत बाहेरच्यांना बंदी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात फुजिकावागुचिको गावाने, एका दुकानामागे फुजी पर्वत दिसतो म्हणून रस्त्यावर होणारी गर्दी थांबवायला, समोर काळं जाळीदार कापड उभारलं आणि ऑगस्टमध्ये ते उतरवलं.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड तांबड्या खडकाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हा खडक तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचा आहे. त्यावर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. फोटोंबद्दलचा नियम कमी माहीत असतो. खडकाच्या काही जागा अनांगूंसाठी इतक्या पवित्र आहेत की त्यांची चित्रं बाहेर फिरणंच त्यांच्या परंपरेत बसत नाही. काही स्थळं फक्त पुरुषांची, काही फक्त बायकांची. पायवाटेवर तिथे तशा पाट्या लावलेल्या आहेत आणि व्यावसायिक छायाचित्रणासाठी उद्यानाचा परवाना लागतो. त्यामुळे दिनदर्शिकांवर आणि पर्यटनाच्या जाहिरातींत येणारा उलुरू ठरावीक बाजूंनीच दिसतो. दुसऱ्या बाजूला उभं राहून कॅमेरा खाली ठेवलेल्या कितीतरी छायाचित्रकारांनी ती बाजू पाहिली आहे.